ऋणकोच्या घरात काय उरावे?

कल्याणहून येणारा रस्ता जिथे मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो आणि जिथून एक वाट महाप्याकडे वळते, त्या नाक्याला शीळफाटा म्हणतात. आपल्या महाविद्यालयातील पुष्कळांनी तो फक्त बसच्या खिडकीतून पाहिला असेल. कंटेनरची रांग, धूळ, भंगाराची गोदामे, रिक्षावाल्यांच्या आरोळ्या आणि वाहतूक तुंबली की शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन धावणारी पोरे, एवढीच त्याची ओळख. माझे घर त्या नाक्यापासून पायी दहा मिनिटांवर आहे. म्हणून हा लेख मी तिथूनच सुरू करतो.

बाबांचा टेम्पो फाट्यावर उभा असे. तळोज्याच्या आणि महाप्याच्या कारखान्यांचा माल ते वाहून नेत. टेम्पो कर्जाचा होता. २०२० साली टाळेबंदी आली, कारखाने बंद झाले, हप्ते थकले आणि पुढच्या वर्षी कर्ज देणाऱ्यांनी टेम्पो ओढून नेला. दुसरे कर्ज एका पतसंस्थेचे होते, आजीच्या आजारपणात काढलेले. त्याला तारण काही नव्हते. बाबांची सही होती आणि जामीनदार म्हणून आईची.

एके दिवशी भर दुपारी तीन माणसे दारात उभी राहिली. बाबा कामाच्या शोधात बाहेर गेले होते. माणसे उर्मट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. त्यांतला वयस्क माणूस म्हणाला, "वहिनी, आज काहीतरी घेतल्याशिवाय आम्हाला परत जाता येणार नाही. आमचीपण नोकरी आहे." घरात होते काय? एक लोखंडी खाट, भांड्यांची मांडणी, गॅसची शेगडी आणि आईचे पायाने चालवायचे शिलाई मशीन. टेम्पो गेल्यापासून आमच्या घराची चूल त्या मशीनवर चालली होती. ब्लाउज शिवणे, साडीला फॉल लावणे, शाळेचे गणवेश उसवून मोठे करून देणे ही आईची कामे.

मशीन त्यांनी पसंत केले. आईने फडक्याने ते पुसले, सुई काढून ठेवली आणि एवढेच म्हणाली, "न्या. पण मागच्या जिन्यानं न्या. शेजारी बघतात." वहीच्या एका कागदावर तिच्याकडून 'स्वखुशीने देत आहे' असे लिहून घेतले. मशीनचे बाराशे रुपये कर्जात वळते झाले. जिना अरुंद होता, म्हणून एका बाजूने हात मी लावला. तेव्हा मी अकरावीत होतो. आपल्याच आईचे मशीन खाली उतरवायला मी मदत केली. ही गोष्ट आजवर मी कुणाला सांगितली नव्हती.

आता मुद्द्याकडे वळतो. द्वितीय वर्षाला असताना आमच्या सरांनी दख्खनच्या दंग्यांवर तास घेतला आणि जाता जाता म्हणाले, "ऋणकोकडून काय काय घेता येत नाही, याचीही कायद्यात एक यादी असते. वाचा कधीतरी." मी ग्रंथालयातून दिवाणी प्रक्रिया संहिता काढली. १९०८चा कायदा, त्याचे कलम ६०. ते वाचताना मला घाम फुटला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्या कलमात काय आहे ते सोप्या शब्दांत सांगतो. एखाद्याविरुद्ध पैशाचा हुकूमनामा झाला तरी काही वस्तूंवर जप्ती येऊ शकत नाही. ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रूढीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारे. ऋणको शेतकरी असेल तर त्याची अवजारे आणि पोट भरण्यापुरती लागणारी गुरे व बियाणे. शेतकऱ्याचे, मजुराचे किंवा घरगड्याचे राहते घर. मजुराची मजुरी. सरकारी निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी. १९७६च्या दुरुस्तीने त्यात आयुर्विम्याच्या पॉलिसीचे पैसेही आले. पगारदाराच्या पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश यांनाही हात लावता येत नाही. समजा पगार पंचवीस हजार आहे, तर सतरा हजार सुरक्षित, आठ हजारांवर जप्ती. तीही एका हुकूमनाम्यासाठी एकूण चोवीस महिनेच.

शिलाई मशीनवर पोट भरणारी बाई कारागीर नव्हे तर कोण? म्हणजे न्यायालयाचा हुकूम घेऊन बेलीफ आला असता, तरी त्याला ते मशीन सोडून जावे लागले असते. आमच्याकडे तर बेलीफही नव्हता आणि हुकूमही नव्हता. ज्यांना आमचा उंबरठा ओलांडण्याचाच अधिकार नव्हता, त्यांना आम्ही पाणी दिले आणि मशीनला हात लावला.

याच कलमात १९७६ साली एक पोटकलम घातले गेले. या सवलतींचा हक्क मी सोडून देतो, असा करार कुणी करून दिला तरी तो करार निरर्थक समजावा, असे ते सांगते. ज्याने हे लिहिले त्याला माणूस कळला होता. अडलेला माणूस कशावरही सही करतो आणि त्या सहीला 'स्वखुशी' म्हणतात, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

जो कर्ज फेडूच शकत नाही अशा माणसाला नादारीचा अर्ज करता येतो. आपल्या ठाणे जिल्ह्याला त्यासाठी १९२०चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. कर्ज पाचशे रुपयांचे असले तरी हा अर्ज करण्याची त्यात सोय आहे. नादार ठरल्यावर माणसाची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते आणि तिचे पैसे धनकोंमध्ये वाटले जातात. पण जप्तीतून जे सुटते ते इथेही सुटते. मुंबई शहराचा कायदा वेगळा, १९०९ सालचा. त्याने मात्र रुपयांत रेघ ओढली. हत्यारे, कपडे, अंथरूण, भांडी, सामान हे सारे मिळून तीनशे रुपयांपर्यंतचे ऋणकोकडे राहावे, असे मूळ कायद्यात घातले. १९०९ साली तीनशे रुपयांत बिऱ्हाड मांडता येत असेल. आज डोंबिवलीच्या बाजारात त्या पैशांत धड एक कुकर येत नाही. रुपयात मोजलेली दया शिळी होते, ती अशी.

या यादीमागे मोठा इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांतून खतपत्रे बाहेर ओढून जाळली. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. ज्या कागदाने जमीन जाते तो कागदच नको, हा त्यांचा सरळ हिशेब. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. साध्या कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले आणि खास गहाण लिहून दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्त करू नये असे ठरविले. चार वर्षांनी महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. कर्ज हा केवळ आकड्यांचा मामला नव्हे, त्यात लेखणी कुणाच्या हाती आहे याला महत्त्व आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

आणखी मागे जावे तर आपल्या तुकोबांची आठवण येते. दुष्काळाने त्यांचे दुकान बुडाले, दिवाळे निघाले. पण परंपरा सांगते की, त्याच तुकोबांनी लोकांकडून येणे असलेली आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली. ऋणकोही तेच आणि धनकोही तेच! दिवाळे निघालेल्या माणसाला महाराष्ट्राने जगद्गुरू म्हटले आणि आपण मात्र मशीन मागच्या जिन्याने न्यायला सांगतो. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. व्याज कितीही साचले तरी एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करू नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात तर गरिबाच्या जात्याची तळी गहाण घेऊ नये असे बजावले आहे. जाते गेले की जगणेच गहाण पडते, हे त्यामागचे कारण. देश वेगळे, काळ वेगळे, पण शहाणपण एकच. धनकोचा हात कुठेतरी थांबला पाहिजे.

आपल्या राज्यानेही एकदा धाडस केले होते. २२ ऑगस्ट १९७५ची तारीख धरून छोटे शेतकरी, शेतमजूर, ग्रामीण कारागीर आणि कामगार यांची सावकारी कर्जे कायद्याने रद्द करण्यात आली आणि गहाण पडलेले किडूकमिडूक परत देण्याचा हुकूम झाला. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९८० साली त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. ज्याच्याजवळ खरोखर काही नाही, ज्याची दानत वाईट नाही, त्याला केवळ कर्ज फिटत नाही म्हणून तुरुंगात टाकणे हे घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी विसंगत आहे.

इथे कुणी विचारील, आणि विचारावेच, की धनकोचे काय? पतसंस्थेत ठेव कुणाची असते? फाट्यावरच्या भाजीवालीची, रिक्षावाल्याची, रोज वीस-पन्नास रुपये पिग्मीत टाकणाऱ्यांची. कर्ज बुडाले तर त्यांचे पैसे बुडतात. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. घेतलेले पैसे परत दिलेच पाहिजेत, असे माझे बाबाही म्हणत आणि मलाही तेच वाटते. पण हिशेब तरी नीट करू या. मशीन नेऊन संस्थेला मिळाले बाराशे रुपये. आई त्या मशीनवर महिन्याला चार-पाच हजार कमवीत होती आणि त्यातून हजार रुपये हप्ता देणे तिला शक्य होते. म्हणजे मशीन नेऊन संस्थेने आपलाच हप्ता बुडविला. धनकोच्या हाती ज्याची किंमत भंगाराची आणि ऋणकोच्या हाती ज्याची किंमत भाकरीची, अशा वस्तूंचीच ही यादी आहे. ती ठेवीदाराच्याही फायद्याची आहे.

मग यादी चांगली असून अडते कुठे? माझ्या मते तीन ठिकाणी.

पहिले म्हणजे ती जुन्या जगाची यादी आहे. तिला नांगर ठाऊक आहे, बैल ठाऊक आहे, बियाणे ठाऊक आहे. आमच्या शीळ-दायघर परिसरात भातशेती होती तेव्हा ती यादी आमची होती. आता शेतांच्या जागी गोदामे आणि इमारती उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्याचा मुलगा टेम्पो चालवू लागला. बैल वाचतो, टेम्पो वाचत नाही. 'कारागिराची हत्यारे' या शब्दांत लोहार-सुतार बसतात. घरोघरी जेवण पोचविणाऱ्या मुलाची दुचाकी आणि मोबाईल त्यांत बसवायचे तर वकिलाला घाम गाळावा लागेल. २०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत ही उणीव बरीचशी भरून काढली आहे. धंद्याला लागणारी हत्यारे, पुस्तके, वाहने आणि इतर साधने असे स्पष्ट शब्द तिथे आहेत. साठ हजारांपेक्षा अधिक वार्षिक उत्पन्न नाही, वीस हजारांपेक्षा अधिक मालमत्ता नाही, पस्तीस हजारांपेक्षा अधिक कर्ज नाही आणि स्वतःचे घर नाही अशा माणसाला पाटी कोरी करून देण्याची सोयही तिच्यात लिहिलेली आहे. परंतु व्यक्तींच्या दिवाळखोरीचा हा भाग १ डिसेंबर २०१९पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींना. त्यांचे एक लाखापर्यंतचे दागिने आणि शहरात वीस लाखांपर्यंतचे, खेड्यात दहा लाखांपर्यंतचे घर वाचते. कारखानदाराच्या जामिनाला नवी यादी आणि शिंपिणीला १९०८ची! हा न्याय कोणत्या तराजूत तोलायचा?

दुसरी अडचण एका शब्दाची आहे. वाहन वाचेल, घर वाचेल, पण त्यावर बोजा नसेल तर! आज बोजा नसलेले आहे काय? टेम्पो कर्जाचा, रिक्षा कर्जाची, घर कर्जाचे. ज्या साधनावर पोट भरायचे तेच साधन तारण म्हणून लिहून दिलेले असते. थकलेली कर्जे वसूल करण्यासाठी बँकांना अधिकार देणारा २००२चा कायदा जप्तीतून सुटणाऱ्या मालमत्तेला हात लावीत नाही. पण ती मालमत्ता खास त्या कर्जासाठी तारण दिलेली असेल तर ही ढाल गळून पडते. तारणाला अर्थ असतो हे मी जाणतो. तारण नसेल तर गरिबाला टेम्पोसाठी कर्ज मिळणारच नाही. माझे म्हणणे इतकेच की, पोटाचे साधन ओढून नेण्यापूर्वी न्यायालयापुढे एकदा तरी सुनावणी व्हावी आणि आजार, टाळेबंदी, पूर अशा कारणांनी हप्ता थकला असेल तर मुदत मिळावी. टेम्पो फाट्यावर उभा राहिला तरच हप्ता फिटतो. गोदामात गंजत उभा राहिला तर कुणाचेच फिटत नाही.

तिसरी अडचण सर्वांत साधी आणि सर्वांत लाजिरवाणी. यादी कुणाला ठाऊकच नाही. कर्जाचा अर्ज दहा पानी असतो. त्यात ऋणकोने काय काय गमवावे हे बारीक अक्षरांत छापलेले असते. काय काय गमवायचे नाही हे एका ओळीतही नसते. बी. ए.पर्यंत आलेल्या मलाही ते सरांच्या एका वाक्यामुळे कळले. प्रत्येक कर्जाच्या कागदाबरोबर ही यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत छापून दिली पाहिजे. पतसंस्थेच्या दारात, तहसील कचेरीत, न्यायालयाच्या आवारात ती लावली पाहिजे. याला नवा कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. लागते ती केवळ इच्छा.

मित्रहो, दिवाळखोर हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पूर्वी दिवाळे निघालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे आणि त्यावरून हा शब्द आला, असे म्हणतात. खरे असेल तर त्या दिव्यात मला लाजेपेक्षा प्रामाणिकपणा अधिक दिसतो. माझ्याकडे आता एवढेच उरले आहे, या आणि पाहा, असे तो सांगत असेल. आपण मात्र अंधारात, मागच्या जिन्याने, कुणाला न कळता सर्वस्व देऊन टाकतो. आपल्या लाजेमुळेच वसुलीवाल्याला कायद्याची गरज पडत नाही. माणूस कर्जात बुडाला म्हणून माणूसपणातून उठत नाही, हेच ते कलम ६० आपल्या रुक्ष भाषेत सांगत आले आहे. भांडी ठेवा, म्हणजे तो जेवेल. अंथरूण ठेवा, म्हणजे तो झोपेल. हत्यार ठेवा, म्हणजे तो उद्या उठून कामाला जाईल आणि तुमचेही देणे फेडील.

आमचे देणे फिटले. बाबा आता दुसऱ्याचा टेम्पो चालवितात. आईने कल्याणला जुन्या बाजारातून एक मशीन आणले आहे. त्याचे चाक जरा कुरकुरते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या कलमातली यादी मराठीत सुवाच्य अक्षरांत लिहून काढली आणि तिला वाचायला दिली. तिने चष्मा लावून ती सावकाश वाचली. 'कारागिराची हत्यारे' या ओळीवर तिचे बोट थांबले. मग म्हणाली, "हे तेव्हा कुणी सांगितलं का नाही रे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. निदान पुढच्या कुणाला तरी ते वेळेवर कळावे म्हणून त्या यादीच्या पन्नास प्रती काढून मी फाट्यावरच्या रिक्षास्टँडवर वाटल्या आहेत. आपल्या घराजवळच्या नाक्यावर तुम्हीही हे करू शकाल. कागदाच्या दोन्ही बाजूंत ती सहज मावते.